जुनी कंबरदुखी: ‘सोसा’ म्हणण्यापलीकडे आरोग्य उपकेंद्रावर काय करता येतं?

उपकेंद्र_केज
सहा-सहा महिने कंबर दुखतेय, तपासण्या झाल्या, ऑपरेशनचं कारण नाही, अशा बायका दर आठवड्याला येतात. बऱ्याचशा ऊसतोडीला जाणाऱ्या, बाकीच्या रोजानं खुरपायला. मागणी एकच: ‘मॅडम, सुई द्या.’ बरं वाटलं की धुणं, सारवण, खुरपणं एका दमात उरकतात आणि पुढचे तीन दिवस आडव्या. घरचे एक तर ‘नाटकं करायली’ म्हणतात, नाही तर हातातलं सगळं काम काढून घेतात. ‘त्यांचं मनोबल वाढवा’ असं आम्हाला सांगतात, म्हणजे नेमकं काय करायचं? दहा मिनिटांत बसेल असं सांगा.

फिजिओ_लातूर
आधी धोक्याची लक्षणं विचारा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं: यातलं काही असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा. ताप, वजन घटणं किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल तरी डॉक्टरांनी पुन्हा तपासल्याशिवाय पुढचं काही करू नका.

आता मूळ बिघाड. एका दमात उरकायचं आणि मग आडवं व्हायचं, यात कधी थांबायचं ते दुखणं ठरवतं. ते घड्याळानं ठरवायला हवं. सहा दिवस बसून खुरपताना कितव्या मिनिटाला कंबर भरून आली ते कॅलेंडरवर लिहायला सांगा. समजा 25, 10, 30, 15, 20, 20 आले. सरासरी 20. त्यातून पाचवा हिस्सा वजा केला की 16, म्हणून सुरुवात 15 मिनिटांची. मोबाइलचा गजर झाला की पात (खुरपायची ओळ) अर्धी राहिली तरी उठायचं, पाच मिनिटं चालायचं. आडवं व्हायचं नाही. आठवड्याला फार तर दोन मिनिटं वाढवायची.

हे फसतं ते वाईट दिवशी नाही, चांगल्या दिवशी! ‘आज काही दुखत नाही’ म्हणून गजर बंद केला की आठवड्याची मेहनत गेली. दुखणं उसळलं तर दोन-तीन दिवस वेळ निम्मी करायची, शून्य नाही, आणि मग परत जुन्या आकड्यावर. घरच्यांनाही हेच सांगा: काम काढून घेऊ नका, तिच्या ठरलेल्या वेळेपुरतं तिच्याकडेच राहू द्या.

समुपदेशक_परभणी
वरच्या सगळ्याच्या आधी आपली भाषा सुधारावी लागते. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी घसरली’ हे एकदा कानावर पडलं की बाई वाकायलाच घाबरते. न वाकल्यानं स्नायू ढिले पडतात, मग थोडं वाकलं तरी दुखतं आणि भीती खरी ठरते. वेदना नसलेल्या 3,110 जणांच्या स्कॅनचा आढावा 2015 साली आला होता. त्यात मणक्यांमधल्या गादीची झीज विशीत 37 टक्क्यांना आणि पन्नाशीत 80 टक्क्यांना दिसली. थोडक्यात, गॅप दुखत नसलेल्यांनाही असतो.

‘मनाचं आहे’ हेही म्हणू नका, त्याचा अर्थ ‘खोटं आहे’ असाच घेतला जातो. मी सुचवेन ते उदाहरण विहिरीवरच्या मोटारीचं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) फार कमी अँपिअरवर लावला तर मोटर धडधाकट असूनही ट्रिप होते, म्हणजे बंद पडते. जुन्या दुखण्यात मज्जासंस्थेचं तसंच होतं. ट्रिप होणं खरंच असतं, पण दर वेळी मोटर जळालेली नसते. म्हणून वरच्यासारखी मिनिटं वाढवत हे सेटिंग हळूहळू वर न्यायचं.

‘आता मी अंथरुणालाच खिळणार’ असं आलं तर समजूत घालत बसू नका, विचारा: मागच्या वेळी उसळलं तेव्हा किती दिवसांत ओसरलं? तेव्हा काय केलं होतं? उत्तर तिच्याच तोंडून यायला हवं.

झोप गेली असेल, कशात जीव लागत नसेल तर ‘जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का’ हे थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर बाईला एकटी सोडू नका, डॉक्टरांना कळवा, फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवायला लावा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात.

उपकेंद्र_केज
खुरपणीचं पटलं. पण ऊसतोडीच्या फडात गजर कोण ऐकणार? पैसे टनावर, डोक्यावर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे), आणि गाडी आली की रात्रीसुद्धा भरावी लागते.

फिजिओ_लातूर
बरोबर, तिथे वेळ तिच्या हातात नाही. तिथे कामाची पाळी बदलायची. सलग वाकून तोडणं, मग सलग मोळ्या उचलणं हे सगळ्यात वाईट. जोडीतल्या दोघांनी तोडणं आणि मोळी बांधणं आलटूनपालटून करावं. मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात, पण कंबर टिकते. मुकादमाला हे आवडेलच असं नाही. खरी तयारी मात्र दिवाळीआधीच्या दोन-तीन महिन्यांत, गावात असतानाच करायची. एकदम फडात उतरलेली कंबर पहिल्याच आठवड्यात बोलते.

औषधवाला_अंबाजोगाई
मेडिकलवरून सुट्या पुडीतल्या गोळ्या आणतात का, ते जरूर विचारा. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी, उन्हात, पाणी कमी पिऊन रोज घेतली तर पोटात जखम होते आणि किडनीवर ताण येतो. पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका असेल आणि बरेच दिवस चालू असेल, तर एकदम बंद करायला सांगू नका. डॉक्टरांकडूनच कमी करून घ्यावं लागतं.

उपकेंद्र_केज
फरक पडला की नाही हे मोजायचं कसं? शून्य ते दहा आकडा विचारला की गोंधळतात.

समुपदेशक_परभणी
आण्यांत विचारा. ‘रुपयात किती आणे दुखतं?’ याचं उत्तर आजीबाईसुद्धा पटकन देतात. तीन प्रश्न पुरेत: गेल्या आठवड्यात दुखणं किती, त्यानं जगण्यातली मजा किती गेली, आणि रोजच्या कामात किती अडलं. बाराचे आठ झाले तर चांगला फरक समजा. पहिल्या महिन्यात बहुधा दुखण्याचा आकडा जागचा हलत नाही, कामाचा आधी हलतो. हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाही तर दुसऱ्या आठवड्यात ती परत सुई मागायला येईल.