चौघांसाठी जहाजावरची आतली केबिन : सामान कसे लावावे?

इंदिरानगरकरीण

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, सातवीतला मुलगा आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई, नाशिकहून मुंबईला जाऊन तिथून जहाजाने गोवा आणि लक्षद्वीप असा प्रवास करणार आहोत. खर्चाचा मेळ बसवण्यासाठी खिडकी नसलेली, आतल्या बाजूची एकच केबिन चौघांत घेतली आहे. खाली दोन पलंग आणि वर भिंतीत मिटणारे दोन बर्थ अशी तिची रचना असून, एजंटाने पाठवलेल्या नकाशात दोन पलंगांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट दिसते.

माझ्या शंका सामानाविषयी आहेत. चौघांच्या बॅगा ठेवल्यावर पाय ठेवायला जागा उरेल का? सासूबाईंना औषधे, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि काठी सतत हाताशी लागते. रोज आंघोळीनंतर त्या आपली साडी स्वतः धुऊन वाळत घालतात आणि पूजेशिवाय चहा घेत नाहीत. देवांची डबी लहान आहे, परंतु निरांजन आणि उदबत्तीही सोबत येणार. यजमानांच्या आणि मुलाच्या चार्जिंगचे प्रकरण वेगळेच. दारावर टांगायचे कप्प्यांचे कापडी पाऊच, कपडे दाबून ठेवणाऱ्या हवाबंद पिशव्या, घडीचे खण असे बरेच काही विकत घ्यावे, असे ऑनलाइन सुचवले जाते. त्यांतले खरोखर काय उपयोगी पडते आणि कशावर पैसे वाया जातात, हे ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

गंगापूर_रोड_निवृत्त

ताई, केबिनमध्ये सामान मावणार नाही ही भीती प्रथम मनातून काढून टाकावी. सामान मावते, अडचण होते ती चार माणसे एकाच वेळी उभी राहिली की. म्हणून जी काही युक्ती करायची ती जमीन मोकळी राहावी यासाठी करावी, कपाट अधिक भरता यावे यासाठी नव्हे.

हल्लीच्या मोठ्या जहाजांवर आतली केबिन न्हाणीघरासकट साधारण १५० ते १८० चौरस फुटांची असते. आपण कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ने जाणार असाल तर ते जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे, आणि त्या पिढीतील जहाजांच्या केबिना याहून लहान असतात. एवढ्या जागेत चार मोठ्या बॅगा नेण्याऐवजी दोनच न्याव्यात आणि त्या कापडी, एका बाजूने उघडणाऱ्या असाव्यात. सध्या सर्वांकडे असणारी टणक कवचाची सूटकेस मधोमध दुभंगून उघडते, त्यामुळे तिला उघडण्यासाठी दुप्पट जमीन लागते, आणि ती जमीन आपल्याकडे नाही. केबिनमध्ये पोहोचल्यावर कपडे कपाटात आणि खणांत लावावेत, एक रिकामी बॅग दुसरीत घालावी आणि ती पलंगाखाली सरकवावी. परतीच्या आदल्या रात्रीपर्यंत ती बाहेर काढण्याचे कारण पडत नाही.

दुसरी गोष्ट भिंतींची. केबिनच्या भिंती, दार आणि बहुधा छतसुद्धा पोलादी पत्र्याचे असते, वरून फक्त रंग किंवा पातळ आवरण असते. त्यामुळे लोहचुंबकाचे हूक त्यांना घट्ट चिकटतात. आपल्याकडे मेन रोडला हार्डवेअरच्या दुकानांत विचारल्यास असे हूक मिळतील, आठ-दहा घ्यावेत. टोप्या, पर्स, ओला टॉवेल, सासूबाईंची काठी, उद्या बाहेर जाताना न्यायची पिशवी, सर्व काही भिंतीवर जाते. भिंतीवर वजन घसरत असेल तर हूकखाली रबराची पातळ चकती असलेला प्रकार निवडावा.

दारावर टांगायचा पाऊच मात्र घेऊ नये. जहाजाचे दार आगीला अटकाव करणारे, आपोआप घट्ट मिटणारे असते. पाऊचची पत्र्याची कडी दाराच्या वरून घातली की दार नीट बसत नाही, आणि बसले तरी जहाज डोलू लागले की रात्रभर तिची खडखड चालते. तोच पाऊच चुंबकी हूकांवर भिंतीला टांगला तर काही तक्रार नाही. हवाबंद पिशव्याही घेऊ नयेत. त्या आकार कमी करतात, वजन नाही. शिवाय कपडे चुरगळतात आणि जहाजावर इस्त्री नेता येत नाही.

एक प्रवासाचा मुद्दा. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघाल्यास सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजात चढण्याचा धक्का, टॅक्सीने अगदी जवळ आहे. टर्मिनलवर मोठ्या बॅगा जमा होतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उजाडते. तेव्हा औषधे, यंत्र, ओळखपत्रे, चष्मे आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा.

सातपूरकर_जहाजी

नमस्कार. मी जहाजावर हाउसकीपिंगमध्ये आहे आणि सध्या सुट्टीवर घरी आलो आहे. काकांनी लिहिलेले योग्यच आहे. त्यात आतल्या बाजूने पाहणाऱ्याची थोडी भर घालतो.

केबिनमध्ये जागा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिथे आधीपासून असलेल्या वस्तू बाहेर काढायला लावणे, आणि हे प्रवासी सहसा विचारतच नाहीत. लहान टीपॉय, जादा उशा, शोभेचे पलंगपोस, जाहिरातींची पत्रके, फ्रिजमधल्या विकतच्या बाटल्या, यांतले जे नको असेल ते पहिल्याच दिवशी आपल्या केबिनच्या स्टुअर्डला, म्हणजे केबिनची साफसफाई पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, सांगावे. फ्रिज रिकामा झाला की त्यात औषधे आणि पाण्याच्या बाटल्या राहतात. जादा हँगरही त्याच्याकडेच मागावेत. पहिल्या दिवशी दुपारी आमची धावपळ असते हे खरे, परंतु सांगून ठेवले की रात्रीपर्यंत काम होते. तिसऱ्या दिवशी सांगितले तर तोपर्यंत तुमची अर्धी गैरसोय भोगून झालेली असते.

वरचे बर्थ आम्ही दिवसा भिंतीत मिटवतो आणि रात्री उघडतो. काही कुटुंबे त्यांवर कपडे आणि खाऊची पाकिटे ठेवतात. मग आम्हाला बर्थ मिटवता येत नाही आणि दिवसभर खाली बसणाऱ्याचे डोके आपटत राहते. वरच्या बर्थवर सकाळी काहीही उरू देऊ नये. शिडी कुठे अडकवायची हेही एकदा विचारून घ्यावे, कारण ती भलत्या ठिकाणी उभी केली की न्हाणीघराचे दार उघडत नाही.

आता ज्या गोष्टी करू नयेत त्यांविषयी. छतावर पितळी किंवा पांढऱ्या रंगाचे लहान तोंड दिसते, ते आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचे असते. त्यात काचेची बारीक नळी असते आणि तिला धक्का लागून ती फुटली तर क्षणात सगळी केबिन, गाद्यांसकट, पाण्याने भिजते. त्याला हँगर अडकवणारे प्रवासी मी पाहिले आहेत. कपाटात लाइफ जॅकेट असल्यास ती जागा सामानासाठी वापरू नये आणि जॅकेट सूटकेसमागे दाबू नये. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाले, तेव्हा नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांचा आपत्कालीन सराव झालेलाच नव्हता. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी तो घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. सामान लावायचे राहिले म्हणून तो टाळू नये. केबिनबाहेरच्या बोळात चप्पल-बुटांची रांगही लावू नये. ती आम्हाला उचलावीच लागते.

विजेचे म्हणाल तर बहुतेक जहाजांवर टेबलाजवळ एक-दोनच प्लगपॉइंट असतात, एक अमेरिकी पद्धतीचा आणि एक दोन गोल पिनांचा. आपली जाड तीन पिनांची पिन त्यांत बसत नाही. घरातला एक्स्टेन्शन बोर्ड, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला वीजदाब रोखणारी सोय) असलेला, तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. हा उगाच जाच नव्हे. जहाजावरची वायरिंग घरासारखी नसते, तिथे दोन्ही तारांत वीज असू शकते, आणि असा बोर्ड बिघडल्यास त्यातून आग लागण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये तशी सूचनाही काढली होती. चार-पाच यूएसबी तोंडे असलेला एकच चार्जर आणि दोन गोल पिनांचा अडॅप्टर एवढ्यावर चौघांचे भागते. पाणी तापवण्याची कांडी, किटली, इस्त्री हे सगळे घरीच ठेवावे.

माहेर_पंचवटी

ताई, पूजेचे आणि साडीचे मी सांगते, कारण आमच्या घरीही हाच पेच होता. जहाजावर निरांजन आणि उदबत्ती लावता येत नाही, मेणबत्तीही नाही. उघडी ज्योत कुठेच चालत नाही आणि तपासणीत काडेपेटीसुद्धा निघाली तर ती ठेवून घेतात. आईंना हे जहाजावर चढल्यावर कळण्यापेक्षा नाशिकलाच सांगावे. सेलवर चालणारा छोटा दिवा आणि देवांची डबी टेबलाच्या एका कोपऱ्यावर व्यवस्थित राहते. तेवढा वीतभर कोपरा मात्र आईंचाच, हे मुलाला आणि यजमानांना बजावून ठेवावे, नाहीतर दुपारपर्यंत तिथे चार्जर आणि गॉगल येऊन पडतात.

न्हाणीघरात शॉवरच्या भिंतीत बहुधा एक गुंडाळलेली दोरी असते. टोक ओढून समोरच्या आकड्यात अडकवली की वाळत घालायला जागा होते. तिथे हवा खेचणारा पंखा सतत चालू असतो, त्यामुळे रुमाल, परकर, मुलाचे टी-शर्ट सकाळपर्यंत वाळतात. जाड सुती साडी वाळत नाही. ती दोन दिवस ओलीच लोंबते आणि चौघांना तिच्याखालून वाकून जावे लागते. म्हणून या प्रवासापुरत्या आईंना मिश्र धाग्याच्या हलक्या साड्या द्याव्यात. कपडा पिळल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरावा, टॉवेलसकट घट्ट सुरळी करावी आणि त्यावर हाताने, शक्य असल्यास गुडघ्याने, सर्व बाजूंनी दाब द्यावा. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि वाळण्याचा वेळ बराच कमी होतो. टॉवेल दुसऱ्या दिवशी बदलून मिळतो.

कपडे कपाटात लावण्याविषयी माझे मत काकांपेक्षा थोडे वेगळे आहे. एकेका माणसाला एक रंग ठरवून कापडी, चेनवाल्या चौकोनी पिशव्या घेतल्या तर त्या जशाच्या तशा कपाटाच्या कप्प्यात जातात. कपडे सुटे करून लावले की तिसऱ्या दिवशी कोणाचे मोजे कोणाच्या खणात गेले याचा पत्ता लागत नाही, आणि शोधाशोध सुरू झाली की सगळे कपडे पलंगावर येतात. सिंहस्थात घरी पाहुणे उतरले की आपण प्रत्येकाला एक कोनाडा ठरवून देतो, तशीच व्यवस्था इथे पहिल्या अर्ध्या तासात करावी. कपाटाचा मधला, न वाकता हाती येणारा कप्पा आईंना द्यावा. वरचा आणि अडचणीचा कप्पा मुलाचा.

खाऊ थोडाच न्यावा. घरी केलेले पदार्थ बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत; चिवड्याची कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटे साधारणपणे चालतात, तरी आपल्या कंपनीचा नियम तिकिटाबरोबरच्या सूचनांत वाचून घ्यावा. जहाजावर दिवसभर खायला मिळते. आपण मात्र डब्यांची चळत नेतो आणि ती पलंगाखालची जागा अडवून बसते.

इंदिरानगरकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाऊचचा विचार सोडला आहे आणि निरांजनाविषयी सासूबाईंशी बोलणे झाले. थोडी कुरकुर झाली, परंतु सेलचा दिवा त्यांनी मान्य केला. आणखी दोन शंका आहेत. सासूबाईंना पेसमेकर बसवलेला आहे, तर चुंबकी हूक चालतील का? आणि रात्री त्यांना दोन-तीन वेळा उठावे लागते. खिडकी नसल्यामुळे पूर्ण अंधार असेल, तर त्यांचा पलंग कोणता असावा?

गंगापूर_रोड_निवृत्त

पेसमेकर असल्यास शक्तिशाली चुंबक छातीपासून किमान १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर, दूर ठेवावा असे सांगितले जाते. भिंतीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर किंवा पलंगाच्या पायथ्याला लावलेल्या हूकांनी त्यामुळे अडचण येऊ नये. मात्र त्यांच्या उशाजवळ एकही हूक नसावा आणि हूकांचे पाकीट त्यांच्या ब्लाउजच्या खिशात किंवा छातीशी धरलेल्या पिशवीत कधीही नसावे. तरीही निघण्यापूर्वी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारावेच. हूकांजवळ केबिनची किल्ली, म्हणजे ते कार्ड, ठेवू नये. चुंबकाने त्यावरची नोंद पुसली जाऊ शकते आणि मग नवीन कार्डासाठी रांगेत उभे राहावे लागते.

सातपूरकर_जहाजी

आजींना न्हाणीघराच्या बाजूचा खालचा पलंग द्यावा आणि त्यांच्या वरचा बर्थ मुलाला देऊ नये. तो रात्री खाली उतरला तर त्यांच्याच अंगावर पाय पडेल. मुलगा दुसऱ्या बाजूला, तुमच्या किंवा यजमानांच्या वर. न्हाणीघराला चार बोटे ते वीतभर उंचीचा उंबरा असतो आणि त्याला ठेच लागून पडणाऱ्यांत वयस्कर प्रवासी अधिक असतात. उंबऱ्यावर चिकटणारी पांढरी पट्टी लावावी, उतरताना काढून टाकता येते. हालचाल झाली की पेटणारा सेलवरचा छोटा दिवा न्हाणीघराजवळ भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, चिकटवावा. बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर समोरच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारी वाहिनी असते. आवाज बंद करून ती चालू ठेवली तर रात्री मंद उजेड राहतो आणि पहाट झाली हेही कळते. काठीचा हूक पलंगावरून हात लांबवल्यावर पोहोचेल अशा उंचीवर, परंतु उशीकडे नव्हे, पायथ्याकडे लावावा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या पट्ट्यात रात्री चपला, बॅग, चार्जरची वायर काहीही राहणार नाही, याची जबाबदारी झोपण्यापूर्वी घरातल्या एकाच माणसाकडे द्यावी.