चर्चा : वेड्यावाकड्या फाइलीतले आकडे स्क्रिप्टने अंदाजाने वाचावेत का?

पाणलोट :
गेले तीन आठवडे पावसाच्या जुन्या टेक्स्ट फाइली पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहून वाचतोय. एका ओळीत एका केंद्राचा एक महिना, प्रत्येक दिवसाला पाच अक्षरांची जागा, दशांशानंतर एक अंक. मधेच कुणी टॅब मारलाय, कुठे रकान्यात नुसती रेघ आहे, कुठे आकड्याला चिकटून शेरा आहे. दर ओळीला स्क्रिप्ट अडायला लागली, म्हणून वैतागून मी सैल रेजेक्स, म्हणजे मजकुरातून आकडे शोधायचा नमुना, लावला : हवे तेवढे अंक, मग टिंब असलं तर टिंब, मग किमान एक अंक. फाइली सरसर वाचल्या गेल्या आणि मी खूश झालो.

मग २६ जुलै २००५ तपासला. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईत त्या दिवशी अडकलेला कुणीही विसरलेला नाही. माझ्या तक्त्यात तिथे ०.२ होतं.

झालं असं. ९४४.२ हा आकडा पाचही अक्षरं भरतो, म्हणून तो डावीकडच्या दिवसाला चिकटतो. आदल्या दिवशी १२.४ होता असं उदाहरणापुरतं धरा. फाइलीत दिसतं १२.४९४४.२. माझ्या रेजेक्सने त्यातून १२.४९४४ आणि .२ असे दोन आकडे काढले. दोन दिवस, दोन आकडे! म्हणजे रकाने मोजून खात्री करणारी माझी तपासणीही पास झाली. साधं स्प्लिट करून (मोकळ्या जागेवर ओळ तोडून) फ्लोट केलं असतं (तुकड्याचा दशांश आकडा केला असता), तर पायथन तिथेच एरर देऊन थांबला असता.

म्हणून माझं ठाम मत झालंय : जी ओळ कळत नाही, तिथे स्क्रिप्टने थांबावं. अंदाज करू नये.

रोजचं_काम :
तुमचा रेजेक्स चुकला हे मान्य, पण निष्कर्ष पटत नाही. माझ्याकडे सहाशेच्या वर फाइली आहेत, निरनिराळ्या हातांनी भरलेल्या. थांबणारी स्क्रिप्ट मी वापरून पाहिली आहे. पहिल्या दिवशी अडतीस वेळा थांबली आणि चार फाइली झाल्या. अशाने अहवाल पुढच्या पावसाळ्यात जाईल. मी आधी सगळं वाचून घेतो, मग आलेख काढून विचित्र आकडे शोधतो. ५०० च्या वर काही आलं की उडवतो.

पाणलोट :
अहो, मग सांताक्रूझचा खरा आकडा तुमच्याकडेही उडाला! शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिलं असतं तरी तो खोटाच ठरला असता, कारण त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पडला होता. पाऊस आपल्या मर्यादा बघून पडत नाही. आणि माझी चूक तर वरच्या बाजूला नव्हतीच. ०.२ हा जुलैतला अगदी साधा आकडा आहे, आलेखात तो कुणाच्या डोळ्यांत भरणार?

एक_ओळीत :
एवढ्या साध्या कामाला पायथन कशाला? ऑक या मजकूर ओळीओळीने वाचणाऱ्या साधनात एका ओळीत होतं. रेघ असो, शेरा असो, ऑक कधी अडत नाही.

कोरडवाहू :
अडत नाही हाच तर धोका आहे, दादा. ऑकला रेघ दिली की तो तिचा शून्य करतो. रिकाम्या जागेचाही शून्य. १,२५० दिलं तर स्वल्पविरामापाशी थांबून १ धरतो. आमच्याकडे काही नोंदी मराठी अंकांत टाइप केलेल्या आहेत. पायथनचं फ्लोट देवनागरी अंक नीट वाचतं, ऑक त्यांचाही शून्य करतो.

नोंद नसणं आणि पाऊस नसणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. २.५ मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. मापकाकडे आठ दिवस कुणी फिरकलं नाही आणि तुम्ही त्या जागी आठ शून्यं लिहिलीत, तर कागदावर पावसाचा खंड तयार होतो. उलट बाजूने अतिवृष्टीचा ६५ मिलिमीटरचा निकष महसूल मंडळाच्या आकड्यावर लागतो, आणि पंचनामा त्यावर अवलंबून असतो. माझ्या वडिलांचं सोयाबीन एका वर्षी पाण्यात होतं आणि मंडळाच्या तक्त्यात त्या तारखेला शून्य होता. तो शून्य मापकातला की संगणकातला, हे आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. म्हणून या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही.

एक_ओळीत :
रेघेचं खरं आहे. मी आत्ता करून पाहिलं, शून्यच आला. माझ्या जुन्या कामात हे कितीदा झालं असेल, ते तपासावं लागेल.

मूळ_आराखडा :
दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून बोलताहेत. फाइल वेडीवाकडी दिसते, पण बहुतेक वेळा ती ठरावीक रुंदीची असते. जीएचसीएन-डेली या जगभरच्या रोजच्या हवामान-नोंदींच्या संग्रहातल्या फाइली बघा : केंद्राचा क्रमांक ११ अक्षरं, मग वर्ष, महिना, घटक (पाऊस की तापमान वगैरे), आणि पुढे ३१ दिवस, प्रत्येकी ८ अक्षरं. त्यातली पाच आकड्याची, तीन खुणांची. पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागात, नोंद नसेल तर उणे ९९९९. फेब्रुवारीलाही ३१ घरं असतातच. हे सगळं सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. तरी लोक मोकळ्या जागेवर तोडतात आणि खुणा आकड्यांना चिकटल्या की फाइलीला नावं ठेवतात.

रुंदी मात्र स्वतः मोजून द्या. पांडास या पायथनच्या तक्ते वाचणाऱ्या लायब्ररीवर सोडली, तर तो पहिल्या १०० ओळी बघून ठरवतो. त्या ओळी कोरड्या महिन्यांच्या निघाल्या, दोन आकडी पावसाच्या पुढे काही दिसलंच नाही, तर रकाना तेवढाच अरुंद ठरतो आणि पुढे ९४४.२ चा ४४.२ होतो. एररही येत नाही.

रोजचं_काम :
रुंदीचं पटलं. पण माझ्या निम्म्या फाइलींत कुणीतरी नंतर हाताने दुरुस्त्या केल्यात, तिथे रुंदीही सरकलेली आहे. माझा मधला मार्ग असा : ओळ नीट बसली तर घ्यायची, नाही बसली तर फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांकासकट जशीच्या तशी वेगळ्या यादीत टाकायची आणि पुढे जायचं. अंदाजही नाही, खोळंबाही नाही. शेवटी शंभरातल्या दोन ओळी बाजूला पडतात. त्याने सरासरीला काय धक्का लागणार?

पाणलोट :
यादी करणं उत्तम. आजपासून मीही करतो. पण त्या दोन ओळी कुठल्या, ते बघा. पाच अक्षरांच्या रकान्यात आकडा शेजाऱ्याला चिकटतो कधी? तीन आकडी झाला की. म्हणजे १०० मिलिमीटर आणि त्यावरचा पाऊस. तुमच्या यादीत गेलेल्या ओळी सगळीकडून सारख्या आलेल्या नसणार. कोकणातल्या जुलैच्या, घाटमाथ्यावरच्या, पुराच्या महिन्यांच्या ओळी त्यात जास्त असणार. त्या वगळून काढलेली सरासरी नेहमी खालीच जाणार, आणि तीही नेमकी जिथे धरणाचं, पुलाचं गणित मांडायचं असतं तिथे. म्हणून किती ओळी सोडल्या आणि कुठल्या महिन्यातल्या, हे अंतिम तक्त्याच्या डोक्यावरच छापलं पाहिजे.

रोजचं_काम :
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आत्ता यादी महिन्यानुसार लावली. २१४ ओळींपैकी १६३ जून ते सप्टेंबरच्या आहेत. या उद्यापासून हाताने वाचायला बसतो. सहाशे फाइलींवर थांबणारी स्क्रिप्ट मात्र मी तरीही लावणार नाही.