दिवाळीच्या सुट्टीत वनखात्याच्या जंगलात वनराई बंधारा घालायचाय

पाऊलवाट: आम्ही पुण्याचे बारा जण. भोर भागातल्या जंगलात दोन दिवस श्रमदान करून वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घालायचाय. ओढा साधारण ५ मीटर रुंद, पाणी कंबरेइतकं अडावं अशी अपेक्षा. पोती किती लागतील? परवानगी कोणाची?

दगडधोंडे: सिमेंटची रिकामी पोती पावणेदोनशे ते दोनशे. वर वीसेक जास्तीची ठेवा, फाटकी निघतातच. शिवाय फावडी, घमेली, सुतळी आणि निदान चार दाभणं. पोतं दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं, मग दोन पोत्यांमधल्या फटीतून पाणी निसटतं. अर्धवट भरलेलं पायाने दाबलं की चपटं बसतं.

खरं काम मात्र पोत्यांआधीचं. पात्रातला पाला आणि गाळ मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत उपसा. हे टाळलं की पाणी बंधाऱ्याखालून वाट काढतं आणि वर कितीही पोती रचली तरी साठत नाही. पायाला सव्वा मीटर रुंदी, वर निमुळतं होत अर्धा-पाऊण मीटर. विटांसारखे सांधे मोडत रचा. दोन्ही काठांत पोती हातभर आत घुसवा, नाहीतर पाणी काठ कोरून बाजूने जाईल. मधला भाग एक थर खाली ठेवा, जास्तीचं पाणी तिथूनच सांडलं पाहिजे. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप द्या. वळणावर बंधारा घालू नका.

रानवाटा: परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची, लेखी. अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाची, तिला वेळ लागतो. ऐन दिवाळीत अर्ज घेऊन गेलात तर साहेब रजेवर. मातीचं आधी विचारा: राखीव वनातून माती उचलणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. वनरक्षक दाखवतील तिथूनच घ्या, काठाची तर मुळीच नको. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्याशी आधी बोला, जागा त्यांना जास्त कळते.

पाऊलवाट: धन्यवाद. पाल्यात हात घालताना काही काळजी?

दगडधोंडे: फुरसं, विषारी साप. दगडाखाली, सुक्या पाल्यात असतं. आधी काठीने हलवा, मग फावडं. हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट हवेतच.

रानवाटा: आणि मे अखेरीस परत या. उन्हाने पोती विरतात, पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खालच्या झाडाझुडपांत अडकतात. पोती काढायला कोण येणार, त्याची नावं अर्जातच लिहा.