अनुभव धागा: भर उन्हाळ्यात लावलेली फुलझाडं

मोगरा बहरला की नर्सऱ्यांत गर्दी होते, घरोघरी नव्या कुंड्या येतात. त्यातल्या कितीतरी मृगाच्या आधीच रिकाम्या झालेल्या दिसतात आणि जीव हळहळतो. म्हणून हा धागा. उन्हाळ्यात घरी फुलझाडं लावली असतील तर काय जगलं, काय गेलं आणि का गेलं, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. पुण्यात चौथ्या मजल्यावर आमची पश्चिमेची बाल्कनी, दुपारी तीनला फरशीवर पाय ठेववत नाही. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मोगऱ्याची दोन रोपं आणली, कळ्यांनी लगडलेली. आठ दिवसांत एकाच्या कळ्या गळल्या, पानं करपली. मी तर दोन्ही वेळ पाणी घालत होते! शेवटी ते उपटलं, तर मुळांभोवती नर्सरीच्या लाल मातीचा विटेसारखा घट्ट गोळा. कुंडीतली माती ओलीगच्च आणि गोळा आतून ठणठणीत कोरडा. पाणी कडेनंच निघून जात होतं.

दुसरं रोप मग गोळ्यासकट बादलीत अर्धा तास बुडवून ठेवलं. कडेची माती बोटांनी अलगद सोडवली, मुळं तुटू दिली नाहीत. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट अशा मिश्रणात संध्याकाळी लावलं. दहा दिवस सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन, मग बाल्कनीचा कठडा. आज त्याचं सातवं वर्ष आहे. जानेवारीच्या शेवटी छाटते, उरलेली जुनी पानं काढते, मूठभर शेणखत घालते. मार्चमध्ये नव्या फुटीच्या टोकाला कळ्या धरतात. सांजेला दोन फुलं माठात टाकली की सकाळी पाण्याला जो वास येतो, त्यासाठी एवढं सगळं!

नागपूर, गच्ची

ताई, तुमचं ऊन आमच्या मानानं सौम्यच म्हणायचं. इथे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो. हिरवी जाळी बांधल्याशिवाय गच्चीवर नवं रोप टिकत नाही, हे मी तीन वर्षं रोपं गमावून शिकलो. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवतो, वरून नारळाच्या शेंड्या आणि पालापाचोळ्याचा थर देतो. पाणी सूर्य उगवायच्या आत.

नवीन लोकांना एक कळकळीनं सांगतो. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच झारी उचलू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर थांबा, उन्हं उतरली की झाड आपोआप ताठ होतं. माझी जास्वंद अशा मायेपोटीच मुळं कुजून गेली.

पहिल्यांदा लावणाऱ्यानं चिनी गुलाब लावावा. शेजारच्या काकूंकडून बोटभर काडी मागायची आणि मातीत खोचायची, बस्स. सकाळी ऊन चढलं की सगळी फुलं एकदम उघडतात. झिनियाचं बीही आठवड्याभरात उगवतं, दोन महिन्यांत फुलं.

ठाणे

बोगनवेल दोन वर्षं नुसतीच पानं देत होती. गावच्या मामांनी सांगितलं, "तिचं पाणी तोड." माती पूर्ण सुकेपर्यंत थांबायला लागले. महिन्याभरात खिडकी राणी रंगानं भरली.

न्यू जर्सी

आमच्याकडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत हिमकडाक्याची धास्ती असते, त्यामुळे झेंडूचं बी आधी घरात खिडकीशी रुजवते आणि रोपं मेअखेर बाहेर लावते. मोगरा ऑक्टोबरपासून घरात. जूनमध्ये त्याला पहिलं फूल आलं की आईला व्हिडिओ कॉल ठरलेला.

सिंधुदुर्ग

कुणी अबोलीचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितेय. तिला दुपारची सावली मिळाली की पुरे. वास नाही, पण गजरा दुसऱ्या दिवशीही ताजा वाटतो. आमच्या आजी वाळलेले तुरे फेकायच्या नाहीत. त्यातली सुकी बोंडं तळहातावर घ्यायची, वर पाण्याचे दोन थेंब सोडायचे. क्षणभर काहीच होत नाही, मग तट्कन फुटून बी लांब उडतं. मी मे महिन्यात ही बोंडं कुंड्यांमधल्या रिकाम्या मातीवर नुसती पसरून ठेवते. पहिली सर आली की पडवीत बसून तो तडतडाट ऐकायचा. पंधरवड्यानं बघावं तर शेजारच्या तुळशीच्या कुंडीतसुद्धा दोन-दोन पानांची अबोली आलेली असते.