निकाल हाती नसताना अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचा का?

मिरजकर
डिजिटल हेल्थच्या एका परिषदेचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट (तिथे मांडायच्या कामाचे छोटे सारांश) यंदा तपासायला आले होते. मर्यादा २५० शब्दांची. त्यातले शंभर जातात भारतात डॉक्टर किती कमी आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये कसं सुरू झालं हे सांगण्यात. मग अ‍ॅपचं कौतुक. आणि शेवटी ते लाडकं वाक्य: ‘निकाल परिषदेत मांडले जातील.’ म्हणजे पत्रिका छापून झाली, नवरदेव ठरायचाय! आकडे नसतील तर पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत. यादृच्छिक चाचण्यांच्या (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) अ‍ॅबस्ट्रॅक्टसाठी काय काय लिहायचं याची कन्सॉर्ट नावाची यादी २००८ पासून आहे. किती जण घेतले, किती जणांचं विश्लेषण केलं, एवढं तरी लिहा.

पीएचसीवाला
डॉक्टरसाहेब, यादी चाचण्यांची, आमचं काम पायलटचं, म्हणजे छोट्या प्रयोगाचं. डेडलाइन परिषदेच्या सहा-आठ महिने आधी असते. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत पावसाळा संपतो. आणि स्वीकारल्याचं पत्र हातात नसेल तर रजेचा अर्ज वरिष्ठांच्या टेबलावरून हलत नाही. मेडिकल कॉलेजवाल्यांना हे कळायचं नाही.

कोडगा
मी अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी, त्यामुळे घरचा आहेर देतो. आमच्याकडे अ‍ॅबस्ट्रॅक्ट मार्केटिंगवाले लिहितात. ‘वापरकर्ते’ म्हणजे डाउनलोड. प्रशिक्षणाच्या दिवशी सगळ्या आशाताईंच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून घेतात, तो आकडा कायमचा. दुसऱ्या महिन्यात किती जणींनी उघडलं, हे सर्व्हरवर दिसतं. कोणी मागत नाही, आम्ही देत नाही.

मिरजकर
बघा! आणि हे नवीन नाही. लोक मधेच अ‍ॅप सोडून देतात, ती गळतीच अभ्यासाचा विषय करा, असं डिजिटल हेल्थचे संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्येच मांडलं होतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात तीन लाखांहून जास्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाहिले, त्यातल्या साधारण ३७ टक्क्यांचेच पुढे पूर्ण लेख झाले. बाकीच्यांचा २५० शब्द हाच काय तो पुरावा. तोही पोकळ?

पीएचसीवाला
हा आकडा तर माझ्या बाजूचा! लेख होत नाहीत म्हणूनच अ‍ॅबस्ट्रॅक्टचं दार उघडं हवं. त्याच आढाव्यात हेही आहे, की चांगले निकाल आलेल्या कामांचेच लेख जास्त होतात. फसलेलं कुठे जाणार?
आमचंच घ्या. जोखमीच्या गरोदर मातांना तपासणीची आठवण करणारे मेसेज. सर्व्हर म्हणतो, पोचले. पोचले खरे, पण फोन नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला कर्नाटकात. बाई सासूजवळ गावात. आठवण फडावर वाजतेय! हे लिहून पाठवलं तर शेरा आला, ‘निष्कर्ष स्पष्ट नाहीत.’ मग पुढच्या वर्षी मीही ते लाडकं वाक्य लिहिलं. स्वीकारला!

सांख्यिकी_काकू
दोष शेरा मारणाऱ्याचा, पण ते वाक्य लिहिणं म्हणजे थाप मारणंच की. ‘चालू काम’ असा वेगळा विभाग ठेवा आणि त्यात आकड्यांऐवजी पद्धत तपासा.

कोडगा
काकू, तो विभाग ठेवला की आमचे मार्केटिंगवाले सगळे तिकडेच घुसतील.

मिरजकर
घुसणारच, म्हणून मला तो नको. निकाल नसलेल्याला माझा नकार कायम. पण पीएचसीवाला, तुमच्याकडे निकाल होता हो. फोन कोणाच्या खिशात आहे, हाच निकाल. तुम्हीच त्याला अपयश समजलात, आणि रिव्ह्यूअरही. तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट परत पाठवा, किती घरांत फोन बाईचा स्वतःचा होता ते पहिल्याच ओळीत लिहा.

पीएचसीवाला
मोजलंय ते, वहीत आहे. पण आत्ताच २४८ शब्द झालेत. काय काढू?

सांख्यिकी_काकू
भारतात डॉक्टर कमी आहेत ते.