लग्नाचा अल्बम रखडतो तो कोणामुळे?

शटर_सातपूर: काल इथे एका वधूपित्यांनी लिहिलं, ‘नाशिकचे फोटोग्राफर बुकिंगपर्यंत दिवसाला चार फोन करतात, लग्न झालं की उचलत नाहीत.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून उत्तर देतोय. १८ वर्षं या धंद्यात आहे. फेब्रुवारीत लग्न झालं, आठवड्यात २,००० फोटो पेनड्राइव्हमध्ये दिले, १५० निवडा म्हणालो. नवरीने निवडले, सासूबाईंनी बदलले, मग दिराने नवी यादी केली. सिलेक्शन हातात आलं गणपतीत. आणि दिवाळीच्या फराळाला गेलो तर चारचौघांत विचारतात, ‘अल्बम कुठाय?’ सिलेक्शनशिवाय डिझाइन सुरू कसं करायचं, सांगा.

वधूपिता_इंदिरानगर: तो वधूपिता मीच. तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण सिलेक्शनशिवाय काम अडतं हे आम्हाला आधी कोण सांगणार? आमचे फोटोग्राफर एवढंच म्हणायचे, ‘काका, टेन्शन घेऊ नका.’ ६० पानी अल्बम ठरला होता. आला तो ३० शीटचा. निम्माच दिला म्हणून मी भांडलो, तेव्हा कळलं की एका शीटची दोन पानं धरतात. व्याह्यांसमोर मान खाली गेली माझी.

शटर_सातपूर: शीट म्हणजे काय हे बुकिंगच्या वेळी विचारायचं होतं.

वधूपिता_इंदिरानगर: जे माहीतच नाही ते विचारणार कसं? मुलीचं लग्न आयुष्यात एकदा करतो आम्ही. तुम्ही महिन्याला दहा करता.

कँडिड_कॉलेजरोड: काकांचं बरोबर आहे, आणि मीही फोटोग्राफरच आहे. एका लग्नात मंगलाष्टकं, सप्तपदी, कानपिळी सगळं टिपलं. नवरीच्या आजीचा एकटीचा फोटो तेवढा राहिला. दोन महिन्यांत आजी गेल्या. नवरीची आई फोनवर रडत होती आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तेव्हापासून लग्नाच्या आठवडाभर आधी घरी जाते, कोणाकोणाचे फोटो हवेतच ते लिहून घेते आणि तीच यादी व्हॉट्सॲपवर परत पाठवते. देवळालीला लग्न असेल तर लष्करी भाग आहे, ड्रोनची परवानगी सहज मिळत नाही, हेही बुकिंगलाच सांगते. अर्धा तास जातो.

पंचवटीकर: हे सगळं ठीक. रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल, का देत नाहीत, त्यावर कोणी बोलत नाही! आम्ही पैसे मोजतो, मग फाइल आमची.

शटर_सातपूर: अजिबात नाही. फोटो काढणाऱ्याचा कॉपीराइट असतो.

कोर्टकचेरी: शटर, इथे तुम्ही चुकताय. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ वाचा. कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणाराच.

पंचवटीकर: बघा!

कँडिड_कॉलेजरोड: दादा, रॉ उघडून पाहिलीय का कधी? रंग फिके, फाइल उघडायला वेगळं सॉफ्टवेअर. एक फाइल २५-३० एमबीची, ३,००० फोटोंचे होतात ७५ ते ९० जीबी. आणि कोणीतरी भडक फिल्टर लावून स्टेटसला टाकतं तेव्हा खाली नाव आमचं असतं.

पंचवटीकर: हार्ड डिस्क मी आणतो. नाव टाकू नका तुमचं.

शटर_सातपूर: कच्ची भाजी घरी नेऊन कोणी हॉटेलचं बिल भरत नाही!

पंचवटीकर: भाजी नाही ती, माझ्या बहिणीचं लग्न आहे. तुमच्या हार्ड डिस्क बिघडल्या तर आम्ही काय करायचं? माझ्या मावसभावाची हळद अशीच गेली. एकच कॉपी होती, स्टुडिओवाल्याकडे.

शटर_सातपूर: एकच कॉपी ठेवणारा माझ्याही मते गुन्हेगार आहे. कलम १७ मला माहीत नव्हतं, ते मान्य. उद्यापासून कोटेशनवर शीट आणि पानं दोन्ही लिहीन, सिलेक्शनची तारीखही. रॉ देणार नाही, ते करारातच घालीन. ज्यांना पटत नाही त्यांनी दुसरा फोटोग्राफर बघावा.

वधूपिता_इंदिरानगर: आधी कळलं असतं तर मीही सिलेक्शन आठवड्यात दिलं असतं, आमच्याकडूनही तीन महिने गेले. पण आमच्या फोटोग्राफरांनी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये पाठवणीचे फोटो नाहीतच. सोमवारी पुन्हा त्यांच्या स्टुडिओत जातोय.