एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) रुग्णात टीडीसीएस (टाळूवरून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणं): १२ मिनिटांनंतर रेझिस्टन्स वाढतो, खाज सुटते

मिरज_ओटी: रुग्ण ३८ वर्षांच्या, रिलॅप्सिंग-रेमिटिंग (झटके येऊन ओसरणारा) एमएस. तासगावहून दुपारच्या एसटीने येतात. ॲनोड (धन टोक) एफ३ वर, म्हणजे डोक्याच्या डाव्या पुढच्या भागावर, कॅथोड (ऋण टोक) उजव्या भुवईच्या वर, २ मिलिॲम्प, २० मिनिटं. सोबत टॅबवर वर्किंग मेमरीचे व्यायाम. स्पंज ५ बाय ७ सेंमी. बाराव्या मिनिटाला ॲनोडखाली खाज, मग रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढून मशीन बंद. एसडीएमटीचा (चिन्हं-अंक जुळवायची, विचारांचा वेग मोजणारी चाचणी) गुणही हलत नाही.

कृष्णाकाठ_फिजिओ: आधी केसांना तेल आहे का बघा. आपल्याकडे खोबरेल चोपडूनच बाया घराबाहेर पडतात. तेलावर सलाइन टिकत नाही, करंट एकाच कोपऱ्यातून जातो आणि तिथेच चामडी लाल होते. शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून स्पंज टाळूला टेकवा. पट्टा आवळू नका, पाणी पिळून निघतं. ०.९ टक्के सलाइन, स्पंजच्या प्रत्येक बाजूला साधारण ६ मिली. ओघळ आला तर जास्त झालं, मग करंट भलतीकडेच पसरतो. बोअरचं पाणी अजिबात नको. पंखा थेट डोक्यावर असेल तर दहाव्या मिनिटाला सिरिंजने थोडं सलाइन सोडा. टाळूवर ओरखडा किंवा फोड असेल तर त्या दिवशी सुट्टी.

न्यूरोसायक_सांगली: दुपारची एसटी, तीही उन्हाळ्यात? हा उथॉफ परिणाम असू शकतो: अंग तापलं की मायलिन (नसेवरचं आवरण) गेलेल्या नसांतून संदेश आणखी मंदावतो. सकाळची वेळ द्या, आल्यावर अर्धा तास गार खोलीत बसवा, मगच चाचणी. एसडीएमटी ९० सेकंदांची. हात जड असेल तर तोंडी घ्या, दर वेळी वेगळा फॉर्म वापरा. साधारण ४ गुणांचा फरक पडला तरच खरा धरा. त्याआधी चष्मा आणि जुना ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) तपासा, नाहीतर नजरेचा दोष बुद्धीच्या माथी मारला जाईल. बॅक्लोफेनची (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) वेळही विचारा, गुंगी असते.

टीडीसीएसचे अभ्यास छोटे आहेत, निष्कर्षही एकसारखे नाहीत. माझ्या मते खरा भार ट्रेनिंगवर ठेवा: शब्दांची चित्रं मनात उभी करायची, मग त्यांची गोष्ट गुंफायची, आणि शेवटी तेच किराणा यादीवर आणि गोळ्यांच्या वेळांवर लावायचं. नुसते टॅबवरचे लेव्हल वाढवून घरात काही उतरत नाही.

कृष्णाकाठ_फिजिओ: आणि फिट येऊन गेली असेल, फॅम्प्रिडीन (एमएसमध्ये चालणं सुधारायची गोळी) चालू असेल किंवा कवटीत धातू असेल, तर न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय मशीन लावू नका.

मिरज_ओटी: तेल आहेच, भरपूर. शॅम्पू सकाळी की आदल्या रात्री?

कृष्णाकाठ_फिजिओ: आदल्या रात्री. कंडिशनर नको, आणि सकाळी केस पूर्ण कोरडे हवेत.